थायरॉईडचं ऑफिस

आधी चहा घ्या. ही फजिती ऐकल्यावर माझ्या हातचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, देव जाणे!

आम्ही बोईसरचे. म्हणजे मूळचे साताऱ्याकडचे, पण आमचे हे एमआयडीसीत कंपनीला लागले आणि आम्ही इथलेच झालो. माझं शिक्षण नववीपर्यंत. पण बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरात काय शिजतंय, हे मी जिन्यात उभी राहून सांगते. संध्याकाळी कंपन्यांचा वास सुटतो, सगळे खिडक्या लावून घेतात, त्या वासातूनसुद्धा मला समोरच्यांची फोडणी कळते! देव प्रत्येकाला काही ना काही देतोच.

तर आमच्या समोरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये सुलभाताई भाड्यानं राहायला आल्या. पन्नाशीच्या, एकट्या. दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी. आता एकटी बाई समोर राहायला आल्यावर मला चैन पडेल का, तुम्हीच सांगा?

दुसऱ्याच दिवशी भाकरी आणि जवळ्याची चटणी डब्यात घालून मी गेले. ही चटणी मी इथं येऊन शिकले. सुलभाताई पाणी आणायला आत वळल्या आणि माझी नजर टेबलावर गेली. नजरेला काय, पाय असतात. टेबलावर गोळ्यांची पट्टी होती, हिरव्या काठाची.

मी ती लगेच ओळखली. कारण तशीच पट्टी माझ्या घरात, तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी होती.

माझ्या मुलीची, वर्षाची. कॉलेज संपता संपता पोरीची झोप गेली, जेवण गेलं, दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ती हळूहळू उठून बसली, हसायला लागली. पण लोकांना काय सांगायचं? मी सांगितलं, थायरॉईड! फार सोयीचा आजार हो! मुलगी वाळली तरी थायरॉईड, सुटली तरी थायरॉईड, रडली तरी थायरॉईड. पुढं कुणी विचारत नाही. उलट स्वतःचाच सांगत बसतात.

त्यात वर्षाला वाणगावचं स्थळ सांगून आलेलं. मुलगा चांगला, घर चांगलं. आणि मुलाची मावशी, चुरीकाकू, आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर! त्यांना तांदळाच्या डब्याचा वास जरी लागला असता, तरी संपलं होतं.

शहाण्या बाईनं अशा वेळी काय केलं असतं? दार लोटून घेऊन हळूच विचारलं असतं, "ताई, तुम्हालाही का?" मी काय केलं? तिसरा मजला गाठला. चोरच सगळ्यात मोठ्यानं "चोर, चोर" ओरडतो ना, तसं.

"चुरीकाकू, समोरची बाई ठीक नाही हं. डोक्याच्या गोळ्या घेते."

"आगं बाय! आनि तुमी डबा घेऊन गेलता?"

झालं. त्या दिवसापासून मी दाराच्या भिंगाला डोळा लावूनच बसले. सुलभाताईंकडे माणसं येऊ लागली. एक आजोबा आले, ते जिन्यात स्वतःशीच बोलत होते. जव्हारकडची एक बाई आपल्या थोराड मुलाला घेऊन आली. तो मुलगा दार उघडल्यावरही बेल वाजवतच राहिला. आणि एका संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी सुलभाताईंच्या हातात चाव्यांचा जुडगा ठेवला, हात जोडले आणि डोळे पुसत खाली गेले.

"नवरा!" मी चुरीकाकूंना सांगितलं. "चाव्या टाकून गेला. सोडून दिलं हो बाईला!"

"मंग ती बाकीची मानसं?"

"दवाखान्यातले सोबती असणार."

ही गोष्ट खाली गेली आणि फिरून माझ्याकडे परत आली, तोवर सुलभाताई नवऱ्याच्या मागं कोयता घेऊन धावल्या होत्या. कोयत्याचं मी बोलले नव्हते हो, शप्पथ! पण ऐकून मीसुद्धा घाबरले आणि दाराला वरची कडी लावायला लागले. आपल्याच हातच्या भुताला भ्यायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

मग सोसायटीची मीटिंग बसली, पार्किंगमध्ये. सेक्रेटरी राऊतभाऊंनी सुलभाताईंनाही बोलावलं.

"ताई, राग मानू नका," राऊतभाऊ म्हणाले. "पन हितं पोरंबाळं हायत. तुमची तब्येत बरी नाय, आसं आमी ऐकलं."

"कुणाकडून?" सुलभाताईंनी शांतपणे विचारलं.

सगळं पार्किंग माझ्याकडे बघायला लागलं. आणि मला चेव आला! इतकी माणसं आपलं ऐकायला थांबलीत, असा योग आमच्यासारख्या बाईच्या आयुष्यात कधी येतो?

"मी पाहिलंय!" मी म्हटलं. "डोक्याच्याच गोळ्या त्या. सकाळी अर्धी, रात्री एक. एक दिवस चुकली तर हात थरथरतात. उन्हात नेलं की गरगरतं. आणि रिकाम्या पोटी दिली तर उलटी ठरलेली!"



चुरीकाकूंनी मान तिरकी केली. "मानेवहिनी, यवढं सगळं तुमाला कसं ठावं वो?"

आता बोला!

मी वळून बघितलं. मागं जिन्याच्या पायरीवर वर्षा उभी होती. सुलभाताईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बाईला सगळं कळलं. मला वाटलं, संपलो आपण. वाणगाव संपलं.

"मीच सांगितलं त्यांना," सुलभाताई म्हणाल्या. "डबा घेऊन आल्या होत्या, तेव्हा."

आणि मी निर्लज्जासारखी मान डोलावली. "हो, हो! यांनीच सांगितलं!"

मग त्या सगळ्यांना म्हणाल्या, "गोळ्या मी घेते. बरीच वर्षं घेतेय. रविवारी पालघरला आमच्या संस्थेचा पदभार घेणार आहे, अध्यक्ष म्हणून. मनाचा आजार असलेल्या माणसांना नोकरी मिळावी, राहायला घर मिळावं, म्हणून आम्ही भांडतो. चाव्या द्यायला आले ते आमचे आधीचे अध्यक्ष. ऑफिसच्या चाव्या होत्या."

"म्हंजे तुमीच पेशंट, नि तुमीच अध्यक्ष?" राऊतभाऊ गोंधळले.

"मग दुसरं कोण असायला हवं?"

राऊतभाऊंनी बराच विचार केला. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "मंग तर आजूनच कठीन. म्हंजे ही मानसं हितं रोजच येनार."

सगळ्यांनी माना हलवल्या. घरमालकाला तिथूनच फोन गेला. लोकांना घर मिळवून देणाऱ्या अध्यक्षबाईंचं स्वतःचं घर पदभार घ्यायच्या आधीच सुटलं! त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "इतरांसाठी रोज भांडते. आज दमलेय."

तेवढ्यात वर्षा पायऱ्या उतरून खाली आली.

"चुरीकाकू, सुलभाताईंनी काही सांगितलेलं नाही. आई खोटं बोलतेय. त्याच गोळ्या मी घेते. आमच्या तांदळाच्या डब्यात असतात."

आणि या तुमच्या मैत्रिणीनं काय म्हणावं? मी हसले आणि म्हटलं, "थायरॉईड हो! त्यानं पोरगी काहीही बोलते!"

कुणीच हसलं नाही. चुरीकाकू उठल्या, पदर सावरला आणि लिफ्टकडे गेल्या. वाणगावचा फोन त्यानंतर आला नाही.

शनिवारी सुलभाताईंनी घर रिकामं केलं. जाताना माझा डबा परत केला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात पेढे होते.

"कसले हो?" मी विचारलं.

"उद्याच्या पदभाराचे. उद्या इथं नसेन ना."

वर्षानं त्यांची खोकी खाली नेली, टेम्पोत चढवली. दुसऱ्या दिवशी एकटीच पालघरला कार्यक्रमाला गेली. मी पेढ्यांचा डबा झाकून ठेवला. एक खाल्ला, गोड लागला नाही. आता वर्षा त्याच ऑफिसात कामाला आहे. दारातून आत गेलं की पहिलं टेबल तिचं. टेबलावर पाण्याची बाटली, आणि बाटलीशेजारी उघड्यावर ती हिरव्या काठाची पट्टी.

परवा बाजारात ह्यांच्या कंपनीतल्या जाधववहिनी भेटल्या.

"वर्षा काय करते हल्ली?"

"पालघरला ऑफिसात असते."

"कसलं ऑफिस?"

अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण जिभेला कोण सांगणार?

"थायरॉईडचं."

जाधववहिनींनी इकडं तिकडं बघितलं. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, माझ्या अगदी जवळ आल्या.

"मला पत्ता द्याल? आमच्या सुनेलाही थायरॉईड आहे." मग आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी अर्धी, रात्री एक."

मी पत्ता दिला. स्टेशनवरून कुठं वळायचं, सगळं नीट समजावलं. पत्ता देताना आपण म्हणतो ना, "तिथं माझं नाव सांगा, लगेच काम होईल"?

मी म्हटलं, "जा बिनधास्त. माणसं फार चांगली आहेत. फक्त तिथं माझं नाव सांगू नका."