तळव्यावरची टिचकी

माझी आत्या नर्स आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात. घरी आली की पर्स खुर्चीवर आदळते आणि करवादते, "आजही लटकलं!" म्हणजे पैलवानाचं घरी जाणं. पैलवान म्हणजे तिथलं एक बाळ, नाव तिनेच ठेवलेलं. आला तेव्हा ओंजळीत मावत होता, पण थाट असा, की मनात आलं तर श्वास घेईन, नाहीतर बसा बोंबलत.

तसा दोष त्याचा नाही. मानेच्या वर, मेंदूच्या देठात पेशींचं एक जाळं श्वासाचा ताल धरतं. आपण घोरत पडलो तरी ते जागं. पैलवान घाईघाईने जन्मला, त्यामुळे त्या जोडण्या अजून कच्च्या. आत्या म्हणते, "वाजवणारे येऊन बसलेत, तालीम झालेली नाही!"

ताल सुटला की आत्या तळव्यावर टिचकी मारते. बाळ दचकतं, श्वास सुरू. पण टिचकीची नोंद करावी लागते, आणि नोंद झाली की घरी सोडण्याआधीच्या देखरेखीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आत्याचा हात तर श्वासावर नजर ठेवणारं यंत्र ओरडण्याआधीच पोचतो.

शेवटी डॉक्टरीणबाई चष्मा वर ढकलत, नाकातून म्हणाल्या, "सिस्टर, श्वास बाळ घेतंय की तुम्ही? छोटे थांबे सगळीच बाळं घेतात. यंत्र वाजेपर्यंत हात नको."

"हात नको म्हणे! उद्या म्हणतील डोळेही मिटा!" आत्या जेवताना घासावर घास चिरडत होती.

दुसऱ्या दिवशी तिने हात एप्रनच्या खिशात कोंबले. पैलवान थांबला. आत्याने ओठ चावला. तेवढ्यात टिच्! पैलवानाच्या आईने मारली.

"अहो ताई, काय केलंत हे!"

"तुम्हीच शिकवलंत ना, सिस्टर?"

झालं. नोंद. त्या संध्याकाळी आत्या फक्त भांड्यांशी बोलली, आणि ते शेजारच्यांनाही ऐकू गेलं.

काल मात्र तिने खुर्ची ओढली आणि त्या आईचे दोन्ही हात घट्ट धरले. "आता तुमचेही बंद, माझेही बंद."

इवलीशी छाती थांबली. यंत्राच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला.

"सिस्टर, सोडा ना."

"गप."

"सिस्टर, अहो!"

"गप म्हणते ना! वाजलं तर तुमच्या आधी मी धावेन."

आकडा आणखी उतरला. मग पैलवानाने कपाळाला आठी घातली, मोठ्ठा उसासा टाकला आणि लागला आपला आपण श्वास घ्यायला. यंत्राने हूं की चूं केलं नाही.

आईच्या डोळ्यांना धार लागली. आत्या मात्र भडकली, "मेल्या, येत होतं तर इतके दिवस आम्हाला नाचवलंस कशाला?"

पैलवानाने जांभई दिली.

डॉक्टरीणबाई डोकावल्या. "टिचकीची नोंद?"

"नाही," आत्या म्हणाली, दातओठ खात.