बाईचं सेमिस्टर शनिवारी सुरू व्हायचं

कॉलेज सोमवारी उघडायचं, पण बाईचं सेमिस्टर शनिवारीच सुरू व्हायचं. शनिवारी दुपारी ती कोल्हारहून एसटीने नगरला यायची, होस्टेलवर पिशवी टाकायची आणि रिकाम्या कॉलेजात शिरायची. वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक वर्गात जाऊन खरोखर बसून बघायची. कुठल्या बाकावरून फळा चमकतो, कुठला बाक डुगडुगतो, कुठला पंखा नुसता आवाज करतो, हे सगळं तिला आमच्या आधी ठाऊक. "शिकवायला कोन हाय ते मागनं बघू, आधी पंखा चालतो का ते बघावं," असं ती म्हणायची. होती आमच्याच वर्गात, रसायनशास्त्राला, आणि माझ्याहून चार महिन्यांनी लहान. तरी सगळा वर्ग तिला बाई म्हणे.

मी भिंगारची. घरापासून कॉलेज स्कूटीवर पंधरा मिनिटं, आणि तरी पहिल्या तासाला उशीर ठरलेला. माझं सेमिस्टर सुरू व्हायला गणपती उजाडायचे. मग झेरॉक्स, जागरणं, रडारड, आणि शेवटी मार्क मात्र जवळपास बाईइतकेच. तेव्हा मी तिच्या मार्कांवर जळत नव्हते. मी जळायचे तिच्या जूनमधल्या चेहऱ्यावर. आम्ही सगळे खोली शोधत जिन्यावर धापा टाकत असायचो आणि ही आत पंख्याखाली पेनाचं टोपण काढून बसलेली. घरी आई वर मीठ चोळायची. "ती एवढ्या लांबून येती अन् वेळेवर असती. तुलाच काय हुतं गं?" आईने बाईला एकदाच पाहिलं होतं, पण तेवढं पुरलं.

प्रयोगशाळेत तर तिचा कहरच. पहिल्याच आठवड्यात ती प्रयोगशाळेच्या मामांकडून सगळ्या ब्युरेट, त्या तोटीच्या काचेच्या नळ्या, मागून घ्यायची, पाणी भरून स्टँडला लावून ठेवायची आणि जी ठिबकत नाही तिला लाल दोरा बांधायची. आमच्या ब्युरेट वर्षभर गळायच्या, आकडे चुकायचे. तिचं रीडिंग पहिल्या फेरीत बरोबर. एकदा मी मुद्दाम लवकर जाऊन लाल दोऱ्याची ब्युरेट पटकावली. बाईने कपाट उघडून दुसरी काढली. तिलाही दोरा होता. "एक फुटली तर काय घ्या? म्हनून दोन बघून ठिवल्या," ती म्हणाली, आणि माझ्या स्टँडचा स्क्रू सैल होता तो जाता जाता आवळून गेली. मला हातातली ब्युरेट आपटावीशी वाटली.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आला. आमच्या विभागातल्या एका मॅडमकडे प्रोजेक्ट मिळावा म्हणून सगळे धडपडायचे, कारण त्या खरंच शिकवायच्या. त्या दोघांनाच घेत, आणि सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी वहीत जी दोन नावं आधी लागतील ती त्यांची. मला ती जागा हवी होती, जिवापाड हवी होती. रविवारी दुपारी बाईचा मेसेज आला. 'बहिनीच्या अ‍ॅडमिशनला उत्पन्नाचा दाखला पायजे, राहात्याला तहसीलीत जावं लागतंय. गुरवारी येते. मॅडमच्या वहीत तुझ्या खाली माझं नाव लिही.'

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले, आयुष्यात पहिल्यांदा. माझं नाव लिहिलं. मॅडमनी विचारलं, "तुझ्याबरोबर ती कोल्हारची आहे ना?" खालची ओळ मोकळी होती. पण बाई शेजारी आली की मी दुसरी होणार, हे मला तीन वर्षांत पाठ झालं होतं. मी म्हणाले, "ती या सेमला बहुतेक यायची नाही, मॅडम." एवढं सहज खोटं मी आधी कधी बोलले नव्हते. त्या ओळीवर वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं नाव लागलं.

गुरुवारी बाई आली. तिला मिळाला उरलेला विषय, विहिरीच्या पाण्याचा खारेपणा, जो कुणालाच नको होता. ती चिडेल, निदान एकदा रडेल, म्हणून मी दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होते. तिने मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवला आणि वेळापत्रक घेऊन एकेका रिकाम्या वर्गात बसून आली. रविवारी गावाकडे जाऊन वीस विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. दिवाळीपर्यंत तिची प्रोजेक्टची निम्मी वही झाली होती. मी जागा मिळवली खरी, पण त्या जागेवर बसून सुरुवात कशी करायची ते मला कुठे येत होतं? दिवाळीनंतर मॅडमही मला विचारायच्या थांबल्या. परीक्षकांनी बाईची वही हातात धरून सगळ्या वर्गाला दाखवली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

यंदा ती एमएस्सीला पुण्याला गेली. माळीवाड्याच्या स्टँडवर तिला सोडायला मी एकटीच होते. पुण्याची गाडी लागली, तिने बॅग वर ठेवली आणि खिडकीपाशी बसली. मी खाली उभी राहून म्हणाले, "बाई, ते मॅडमच्या वहीतलं..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू मेसेज वाचल्याल्या निळ्या टिका मला दिसल्या हुत्या. अन् मी येनार न्हाई असं कोनी सांगितलं, ते मॅडमनी गुरवारी सकाळीच सांगितलं."

"मग एका शब्दानं बोलली का नाहीस?"

"नवीन सेम चालू झालं हुतं ना," ती म्हणाली. "सुरवातीलाच भांडन कुठं करायचं? लई राग आल्ता. पन म्हनलं, आधी वर्ग बघून घेऊ."

गाडी हलली. मला लाज वाटायला हवी होती. लाज घरी परतताना वाटली, अजूनही वाटते. पण त्या मिनिटाला, खरं सांगते, मला तिचा हेवाच वाटला. एवढा राग पोटात घेऊन ही त्या गुरुवारी माझ्याच शेजारच्या बाकावर बसली होती, आणि पहिल्या तासाची पहिली ओळ तिने माझ्या आधी लिहून घेतली होती.