पुढच्या सीटवरची बाई

आमच्या मिनोरी गावात मेनाच्या स्वयंपाकघरातून ज्या दिवशी आवाज येणार नाही, त्या दिवशी चर्चची घंटा बडवायची गरजच नाही, काहीतरी विपरीत झालंय हे गावाला आपोआप कळेल, असं आम्ही म्हणायचो. तिचं पूर्ण नाव त्रोफिमेना, आमच्या संतिणीचं. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुणाला? म्हणून मेना. बाई बोलायची म्हणजे काय बोलायची! टोमॅटोशी बोलायची, मांजराशी बोलायची, उतू जाणाऱ्या कॉफीला शिव्या द्यायची, आणि उरलेलं सगळं नवऱ्याला ऐकवायची. नवरा पांतालेओने. परदेशी पाहुण्यांना आपल्या काळ्या गाडीतून किनाऱ्याच्या रस्त्यानं फिरवणं हा त्याचा धंदा. माणूस सरळ, कमी बोलणारा. चाळीस वर्षांच्या संसारात त्याच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता.

अशा माणसाबद्दल यंदाच्या वसंतात मेनाच्या मनात पाल चुकचुकली.

पहिली गोष्ट म्हणजे तो गोड वागायला लागला. जेवताना ताटाकडे बघणारा हा माणूस तिच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला. ओठांकडे! या वयात! मेना आधी लाजली, मग सावध झाली. दुसरं म्हणजे तो सगळ्याला 'हो' म्हणायला लागला. पडदे बदलू? हो. तुझ्या त्या खादाड मावसभावाला सणाला बोलवायचं नाही? हो. आता आमच्याकडे कुठला नवरा पडद्यांवरून न भांडता 'हो' म्हणतो? कुठंतरी पाणी मुरतंय, मेनानं ताडलं. रविवारी चर्चमध्ये बाकीच्या पुरुषांबरोबर मागच्या दाराशी टिवल्याबावल्या करत उभा राहणारा पांतालेओने पुढच्या बाकावर, थेट पाद्र्याच्या नाकासमोर जाऊन बसायला लागला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. मनात पाप असल्याशिवाय माणूस इतक्या पुढे बसत नाही.

त्यात हॉर्नची भानगड निघाली. आमचा रस्ता डोंगराच्या कुशीला चिकटून जातो, आणि वळणापलीकडे बस आहे की बकरी, काही दिसत नाही. म्हणून वळणाआधी हॉर्न द्यायचा. पलीकडून हॉर्न आला की थांबायचं, आणि ओळखीचा असेल तर उत्तर द्यायचं. इथं प्रत्येक ड्रायव्हरचा हॉर्न वेगळा. बायका घरात भाजी चिरता चिरता सांगतात, कोण चाललंय ते. उत्तर न देणं म्हणजे भर रस्त्यात तोंड फिरवून जाणं.

रुफोलो हा भाजीचा टेम्पो चालवणारा. त्याचा हॉर्न दोन तोकडे, एक लांब. तो बेकरीत सगळ्यांदेखत मेनाला म्हणाला, "काय गं, तुझा नवरा राजा झालाय का? तीनदा हॉर्न दिला, ओ नाही की ठो नाही. गाडी घासता घासता वाचली."

"लक्ष नसेल," मेना म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. लक्ष कुठं आहे?"

रुफोलो गेल्यावर बेकरीवाली रोसारिया पाव कापायची थांबली. ही मेनाची शाळेपासूनची मैत्रीण, पण बातमी पोटात ठेवणं तिला कधी जमलेलं नाही. "मेना, रागावू नकोस. मी अमाल्फीला गेले होते. पांतालेओनेच्या गाडीत पुढच्या सीटवर बाई होती. पिवळा रुमाल, काळा चष्मा."

"पुढच्या?"

"अगदी त्याच्या शेजारी."

मेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढची सीट म्हणजे पांतालेओनेच्या कोटाची जागा. तिथं घडी घातलेला कोट, वर पाण्याची बाटली. पाहुणे मागे बसायचे. मेनासुद्धा मागेच! लग्नकार्याला, दवाखान्यात, बाळंतपणाला, कुठंही जाताना ही मागे पाहुणीसारखी, आणि कोट पुढे ऐटीत. एकदा तिनं विचारलं होतं, तर म्हणाला, "ती माझी कामाची जागा आहे." बरं, कामाची जागा म्हणून हिनं इतकी वर्षं गिळलं, आणि आता तिथं कोण बसतंय, तर पिवळा रुमाल!

मेनानं अबोला धरला. मेनानं! दात दाबून, ओठ शिवून. चुलीशी गप्प, ताट वाढताना गप्प. दोन दिवसांत नवरा गयावया करेल असा हिशेब होता. पण त्या गृहस्थानं एका शब्दानं विचारलं नाही. उलट दारात उभा राहून तिच्या पाठीकडे बघायचा, तोंड पाडायचा आणि निघून जायचा. "विचारलंसुद्धा नाही गं!" ती रोसारियाकडे रडली. "मी मेले काय, गप्प झाले काय, त्याला सारखंच." आठवडाभरात तिची अन्नावरची वासना उडाली. चाळीस वर्षांचा संसार एका रुमालापायी बुडतोय, असं तिला वाटायला लागलं, आणि बुडायचाच असेल तर आपल्या डोळ्यांनी बघूनच बुडू दे, असं तिनं ठरवलं.

तिनं सोरेंतोहून एक अनोळखी ड्रायव्हर ठरवला. खासगी गाडी, दिवसभराची, किनारा-दर्शन. जन्मभर ज्या दर्शनावर घर चाललं, ते ती पहिल्यांदाच विकत घेत होती. ड्रायव्हरचं नाव बियाजो. तरुण, चकचकीत केसांचा आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"या बाईसाहेब! आज आपण जगातला सगळ्यात सुंदर रस्ता बघणार. डावीकडे समुद्र..."

"समुद्र मी पाळण्यातून बघतेय. ती काळी गाडी दिसते? तिच्या मागे चल. फार जवळ नको."

लेकीची घरात पडून असलेली मोठी गवती टोपी तिनं डोळ्यांवर ओढली. अमाल्फीच्या बंदरावर पांतालेओने थांबला होता. पांढऱ्या केसांचं एक परदेशी जोडपं मागे बसलं. मग गल्लीतून पिवळा रुमाल आला आणि बिनदिक्कत पुढचं दार उघडून आत शिरला. कोट मागे गेला. मेनानं डोळ्यांनी बघितलं, कोट मागे!

बियाजोनं आरशातून तिच्याकडे बघितलं. काळी मोठी पर्स, समुद्राकडे ढुंकून न बघणं, दुसऱ्या ड्रायव्हरवर पाळत. त्याचा पट्टा बंद पडला. "बाईसाहेब, तुम्ही कर खात्याच्या तर नाही ना? माझे कागद अगदी चोख आहेत."

"मी कर खात्याची दिसते का रे तुला?"

"त्यांच्यातलं कुणीच तसं दिसत नाही," बियाजो उसासा टाकून म्हणाला.

पहिल्याच वळणाआधी मेना पुढे झुकली. समोरच्या काचेतून स्पष्ट दिसलं. त्या बाईचा हात उठला आणि पांतालेओनेच्या खांद्यावर पडला.

"बघितलंस? हात लावला!"

"मी रस्ता बघतोय, बाईसाहेब."

दुसऱ्या वळणाला पुन्हा. तिसऱ्याला दोनदा! आणि हा निर्लज्ज खांदा झटकत नव्हता, मान हलवत होता, जणू आभार मानतोय. समोरून निळी बस आली, सगळे थांबले, बस अंग चोरत गेली, आणि मेनाला बस दिसलीसुद्धा नाही.

"प्रत्येक वळणावर लावते रे! प्रत्येक वळणावर!"

"पोझितानोपर्यंत वळणं पुष्कळ आहेत," बियाजो हळूच म्हणाला. आता त्याला सगळं कळलं होतं, आणि कर खातं नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला होता. "पाणी देऊ का?"

प्रायानोच्या पुढे रस्त्याला थोडी रुंदी मिळते, तिथं सगळे गाड्या उभ्या करतात. पांतालेओनेनं थांबवली. पाहुणे फोटोसाठी कठड्याशी गेले, तोही त्यांचा कॅमेरा घेऊन गेला. बाई गाडीतच बसून राहिली. मेना उतरली. टोपी उडाली, तिला पर्वा नव्हती. तिनं पुढचं दार असं ओढलं की बियाजोनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"उतर खाली, सटवे! बघू दे थोबाड!"

बाईनं शांतपणे काळा चष्मा काढला. ती जेल्सोमिना होती. पांतालेओनेची थोरली बहीण, मेनाची नणंद. सासूच्या तांब्याच्या पातेल्यावरून या दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून सणावारी चर्चच्या दारातसुद्धा एकमेकींकडे पाठ.

मेना म्हणाली, "परकी असतीस तर झिंज्या उपटून मोकळी झाले असते. तुझं काय करू मी?"

"आधी दार सोड. मोडशील."

"भावाला थापट्या कसल्या मारतेस वळणावळणाला?"

"गाडी येत असली की एक. बस असली की दोन."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या नवऱ्याला वळणापलीकडचा हॉर्न ऐकू येत नाही, मेना. अगदी कानाशी ओरडलं तर थोडंफार कळतं, बाकी काही नाही." जेल्सोमिनानं रुमाल सोडून मांडीवर ठेवला. "ईस्टरला चर्चबाहेर भेटला. मी बोलत होते, तर माझ्या ओठांकडे बघत होता. आमचे बाबा असेच बघायचे. मला तिथल्या तिथं कळलं."

मेना गाडीला टेकली. ओठांकडे बघणं, 'हो हो', पाद्र्याच्या समोरचा बाक, रुफोलोचा रुसवा, सगळं एकदम तिच्यासमोर आलं. तिला इतकी लाज वाटली की गाल भाजले. ही नणंद त्याला वर्षातून दोनदा भेटते, तिला एका मिनिटात कळलं. आपण एका छपराखाली राहिलो, एका ताटात जेवलो, आणि आपल्याला दिसली कोण, तर बाई!

पांतालेओने वळला आणि बायकोला बघून जागीच खिळला. हातातला कॅमेरा त्यानं पाहुण्यांना देऊन टाकला, तोही उलटा.

मेना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हिला ठाऊक आणि मला नाही?"

त्यानं तिचे ओठ वाचले. "बाबांचे कान गेले, तेव्हा आईनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं," तो म्हणाला. "'भिंतीशी काय बोलायचं,' म्हणायची. मरेपर्यंत ते आमच्या घरात भिंत होऊन राहिले. ही सांगेल तुला."

जेल्सोमिनानं मान खाली घातली.

"आणि मीही तसंच करीन, असं वाटलं तुला?"

मेनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती रडत बसणारी नव्हे. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि हुकूम सुटला. "सोमवारी सालेर्नोला, कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ही गाडी दारातून हलणार नाही. मी पुढ्यात आडवी पडेन. आज या बिचाऱ्यांना परत सोडायचंय, तेवढं सोडू. जेल्सोमिना, उतर. पुढे मी बसते."

"आणि कोट?" पांतालेओने सवयीनं म्हणाला.

"कोट मांडीवर घेईन तुझा!"

"मी काय उडत जाऊ का घरी?" जेल्सोमिनानं विचारलं.

"ती बघ माझी गाडी. दिवसभराची ठरवलीय, बस ऐटीत." मेना जरा घुटमळली. "आणि ते पातेलं... रविवारी पाठवते."

"पाठवू नकोस. घेऊन ये," नणंद म्हणाली आणि रुमाल बांधत निघाली. मागून बियाजोचा आवाज आला, "या बाईसाहेब! आता समुद्र उजवीकडे..."

परतीच्या वाटेवर मेना पहिल्यांदाच त्या सीटवर बसली. हॉर्न तिला काय शिकवायचे? सगळा जन्म स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलेले. गाडी, एक थाप. बस, दोन. मागचे पाहुणे एकमेकांच्या कानात काहीतरी कुजबुजले, कुजबुजेनात का. कोन्काच्या वळणाआधी दोन तोकडे, एक लांब. मेनानं थाप मारली आणि नाक वर करून दाखवलं, रुफोलोचं नाक तसंच आहे. पांतालेओनेनं उत्तर दिलं, छान लांबलचक.

रुफोलोनं टेम्पोची काच खाली केली. "वा महाराज! आज आठवण झाली! आणि हे काय, आज दुसरीच बाई?"

"मी पहिली आहे, मेल्या!" मेना ओरडली, आणि टेम्पो गेला.

अमाल्फीच्या बंदरावर पाहुणे उतरले, हात हलवत गेले. पांतालेओनेनं गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"मेना, तुला एक सांगायचंय. बाकी सगळं गेलं होतं, पण संध्याकाळी तुझा आवाज यायचा. शब्द नाही कळायचे, नुसती भुणभुण, माशी डब्यात अडकावी तशी. मी दारात उभा राहून ऐकायचो. म्हणायचो, एवढं आहे तोवर ठीक आहे. गेल्या आठवड्यात तेही बंद झालं. तू चुलीशी उभी, आणि मला काहीच नाही. मी रोज थांबून बघितलं. मला कळलं, संपलं."

मेनानं कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा! मी बोलतच नव्हते! अबोला होता तो! आठवडाभर जीभ चावत बसले, आणि हा म्हणतो कान गेले! तुझे कान नव्हते गेले रे, माझं डोकं गेलं होतं!"

बंदरावर कॉफी पिणारी माणसं वळून बघायला लागली. पांतालेओने तिच्या ओठांकडे बघत नव्हता. त्यानं डोळे मिटले होते आणि मान जराशी तिच्या बाजूला कलवली होती.

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "ऐकू येतंय."

मग मेना कसली थांबते? मिनोरी येईपर्यंत वळणावळणाला थाप मारत, मांडीवर त्याचा कोट घेऊन, ती आठवडाभराचं राहिलेलं सगळं बोलली.