आईच्या ब्रेसलेटचा हूक

आईचं सोन्याचं ब्रेसलेट केसासारखं नाजूक, पण त्याचा हूक महाहट्टी. अंगठ्याच्या नखाने बारीक खटका दाबायचा आणि मग पट्टी हळूच सरकवायची. जोर लावला की साखळी तुटलीच. त्यासाठी मी तेवढं एकच नख वाढवलं होतं. आमच्या वटार गावचा सण आला की मी ब्रेसलेट काढून रिठ्याच्या पाण्यात धुवायचे.

आई अंथरुणाला खिळल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "ताई, मलाही शिकव." शिकवलं. पण तिची नखं बारीक कापलेली. "मला नाही बाई जमत," म्हणून तिने नाद सोडला.

महिन्याभराने ब्रेसलेट आईच्या हातातून गेलं. मी कामावर होते, आईजवळ बहीण होती. घरी आले तर मानभावी कुठली, सगळ्या नातलगांसमोर माझ्यावरच उखडली, "हूक ढिला झाला असणार. तूच तर सांभाळायचीस ना?" मीही खुळ्यासारखी रडले आणि तिच्याबरोबर गाद्या उलट्या करून शोधू लागले.

चादर झटकताना तिचा हात दिसला. चार बोटांची नखं तशीच बारीक होती. अंगठ्याचं मात्र माझ्यासारखं वाढवलेलं होतं.