दुसऱ्या हाताचा आकडा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. धामणकर नाक्याजवळच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. राहनाळच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलणारा एक माणूस रोज सकाळी तिथे पाणी प्यायला थांबायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मान मागे टाकून तो वरूनच पाणी प्यायचा आणि जाताना म्हणायचा, "सुई न्हाय टोचली काका, दिस बरा हाय."

एका दुपारी तो घामाघूम होऊन आला. "काका, पाठीत कापडावानी टरकन् फाटलं."

"तुला सगळीकडे कापडच दिसतं," मी हसलो.

उजव्या हाताचं बीपी फार जास्त आलं. खात्रीसाठी डाव्या हाताचं घेतलं, तर ते खूपच कमी. मशीन जुनं, बिघडलं असेल, असं समजून मी दुसरा आकडा लिहिलाच नाही. "गाठ उचलताना पाठ धरलीय," असं डॉक्टरांना सांगितलं. इंजेक्शन घेऊन तो रिक्षात बसला आणि रिक्षातच त्याचा जीव गेला.

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती, हे शवविच्छेदनात कळलं. "दोन्ही हातांचं बीपी बघितलं असतं तर कळलं असतं. माझंच चुकलं," डॉक्टर म्हणाले. डाव्या हाताचा आकडा मी तेव्हाही सांगितला नाही.

पुढे वळ गावात त्याच्या घरी गेलो. बायकोने चहा दिला. म्हणाली, "तुमी लय केलंत त्यांच्यासाठी."

चूक माझी होती, मला माफ कर, एवढंच सांगायचं होतं. मी चहा संपवला आणि "येतो, बाई," म्हणून उठलो.