मांडवातला उलट्या पायाचा

हसणार नाही म्हणता? बरं, पण चहा आधी खाली ठेवा. सांडाल.

पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला लागून माझा द्राक्षाचा मांडव आहे. धानाच्या मुलखात द्राक्ष! तेही खायचं नाही, लाल वाइनचं. बारीक, काळं, जाड सालीचं. जात अशी की रोगच धरत नाही; भुरी नाही, डावणी नाही, पानावर डाग म्हणून नाही. शेजारच्या कवडूची कारली वाळली, वाल वाळला. माझा वेल फवाऱ्याशिवाय हिरवागार! लोक थांबायचे, बघायचे, आणि पुढं जायचे.

मला भीती होती ती वाघाची. वनखात्याच्या गार्डानं एक मिशावाला रबरी मुखवटा दिला होता. वाघ मागून येतो ना, म्हणून तो डोक्याच्या मागं बांधायचा. वाघाला वाटतं, माणूस आपल्याकडंच बघतोय. गावात पोरं हसतील म्हणून मी तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेल्यावरच बांधायचो. बायकोलाही पत्ता नव्हता.

एक दिवस कवडू जवळ येऊन हळूच म्हणाला, “डोमाभाऊ, तुह्या वेलाले रोग काऊन लागत नाई, मले समजलं. राखणदार हाये तिथी.”

“कोन राखणदार?”

“धुक्यात पाह्यला मी. हे मोठ्या मिशा! माह्याकडेच पाहून राह्यला होता. पापणी लवत नाई. अन् पाय...” त्यानं आधी माझे पाय बघून घेतले. “पाय उलटे, भाऊ! तोंड माह्याकडे, अन् चालत गेला तिकडे!”

मी तर तिथंच मागं वळून बघितलं. का, सांगू? मलाही मांडवात कोणी मागं असल्यासारखं वाटायचं. माघाचं धुकं, पुढचा खांब दिसत नाही. पाखरू बोलत नाही. आणि मानेमागं, अगदी जवळ, खर्र... थांबलो की गप्प. चाललो की पुन्हा खर्र.

त्या दिवसापासून मी मुखवट्याची दोरी आणखी घट्ट केली!

तोडणीचा दिवस आला. माल न्यायला गाडी दुपारी येणार, आणि ती एकदाच येणार. घड वेलावर राहिले तर वर्षाची मेहनत पाखरांच्या पोटात. आणि तोडणीला बोलावलेली शेवंताबाई, कवडूची गोष्ट ऐकून, तिच्या मजूर बाया घेऊन धुऱ्यावरच थबकलेली!

“डोमाभाऊ, पह्यले तुमी आत जा. काई नसन तं आमी येतो.”

“या वो बायांनो, काई नाई तिथी,” म्हणालो मी. वळलो आणि धुक्यात शिरलो.

मागं किंकाळी!

“आला! आला!”

मी गर्रकन वळलो. “कुठी?”

“तुमच्या मांगं!”

मागं बघायला पुन्हा वळलो, तर आणखी मोठी किंकाळी! टोपल्या उडाल्या. मी इकडं फिरतो, तिकडं फिरतो, नुसता भोवरा! दिसत तर कोणी नाही, आणि मानेमागं खर्र, खर्र, खर्र!

“मानेवर बसला, भाऊ! मानेवरच बसला!” शेवंताबाई ओरडली.

मी डोळे मिटून मटकन खाली बसलो. म्हटलं, घे बाबा, वेल तुझा, मान तेवढी सोड.

तेवढ्यात माझी बायको, पारबता, न्याहारी घेऊन आली. तिनं मानेमागून काहीतरी खसकन ओढलं.

“हे काय बांधून राह्यले जी तुमी?”

हातात मुखवटा. रबर मफलरला घासलं. खर्र.

मग शेवंताबाई पदर तोंडात घालून धुऱ्यावरच लोळली. “डोमाभाऊ, सामनेच्यापरीस हेच तोंड बरं हाये तुमचं. मिशा तरी हायेत!”

पण बाया मांडवात शिरल्या, हसत हसत माल तोडला, गाडी भरून गेली.

संपलं वाटलं ना? मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी राहिलेले चार घड काढायला एकटाच गेलो. तेच धुकं. मांडवाच्या टोकाला मिशा! पापणी लवत नाही. मी धीर करून खाली बघितलं, पाय उलटे की सुलटे. आणि विळा टाकून जो पळालो, तो थेट चुलीपुढं.

“पारबता, याले तं पायच नाई वो!”

ती चूल फुंकत होती. मान न वळवता म्हणाली, “काल पाखरं हाकलाले खांबाले ते मिशावालं तोंड कोन टांगून आलं होतं जी?”