जिन्यातल्या आरशामागचा राउटर

थोरली आता हे सांगताना हसून हसून डोळे पुसते, पण तेव्हा तिची अगदी खात्री पटली होती, की धाकट्या बहिणीने घरी आणलेल्या त्या माणसाची मान वाकडी आहे. बसल्या बसल्या त्याने मान आधी डावीकडे टाकली, मग उजवीकडे. "काय करता आपण?" असं तिने विचारलं, तर उत्तर तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीला दिलं. तिने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलंच.

"अगं, डॉक्टरला दाखवलंय का याला?"

"ताई, तुझ्यामागचं चित्र तिरकं लागलंय. ते सरळ होईपर्यंत त्यांना चहासुद्धा गोड लागायचा नाही."

तर असे हे फ्रेमवाले. खाली दुकान, वर घर. लोकांचे आजोबा, लोकांची पदवीची कागदं, कुणाचं लाडकं मांजर, सगळ्यांना दिवसभर चौकटीत बसवायचं. बोलणं मोजकं, आणि जे काही बोलतील ते तोंडात खिळे धरून. त्यातलं अर्धं कळत नाही आणि उरलेलं अर्धं धाकटी स्वतःच्या सोयीने लावून घेते. धाकटी दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढायच्या कामाला आहे. "तिकडे लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन आमचं पिते," असं थोरली म्हणते. म्हणू दे. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही, म्हणून तर धाकटीच्या लग्नानंतर थोरलीही याच घरात, वरच्या मागच्या खोलीत राहायला आली.

थोरली गाणं शिकवते. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तिचं घरोघर जाणं बंद झालं. आता सगळ्या शिष्या फोनच्या पडद्यावर, आणि तिथेच घोडं अडलं. मोडेम, म्हणजे बाहेरच्या तारेतून नेट घरात आणणारी कंपनीची ती डबी, दुकानात गल्ल्यामागे. थोरलीची खोली दुसऱ्या टोकाला, वर, आणि मध्ये या जाडजूड भिंती. शिष्या सूर लावायची ती तोंड वासून तशीच गोठायची, आणि थोरली आपली "हं, पुढे, पुढे" करत पुतळ्याला शिकवत बसायची. दोन शिष्या सोडून गेल्या. आणखी एक कुरकुरायला लागली, तेव्हा थोरलीने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याची खोली बघून ठेवली.

"तिथे नेट छान आहे म्हणे," ती जेवताना म्हणाली. "रविवारी हो की नाही ते कळवायचंय."

हे ती वाटीकडे बघून बोलली. धाकटीकडे बघितलं असतं तर रडूच फुटलं असतं. जायचं कुणाला होतं? पण पोट होतं शिष्यांवर.

धाकटीने घास खाली ठेवला. फ्रेमवाले म्हणाले, "ताई, रविवारपर्यंत थांबा." तोंडात खिळे नव्हते, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते एक काळी डबी घेऊन आले. तिला चार शिंगं.

"हा राउटर. मोडेमने घरात आणलेलं नेट हा सगळीकडे वाटणार. जिन्याच्या वळणावर बसवतो, म्हणजे खाली दुकानातही पोचेल आणि तुमच्या खोलीतही."

"जिन्यात?" थोरलीने नाक मुरडलं. "येता-जाता हा उलटा पडलेला खेकडा बघायचा? कधी शिष्यांच्या आया येतात माझ्याकडे. तो दिसायला नको मला, सांगून ठेवते."

फ्रेमवाल्यांनी लगेच हातोडी उचलली. आता सुंदर दिसायला हवं म्हटल्यावर त्या माणसाच्या अंगात काय संचारतं म्हणता! गल्ल्यामागून जिन्यापर्यंत केबल भिंतीच्या कडेने अशी सरळ ठोकत नेली, की पट्टीने रेघ मारली असावी. जिन्याच्या वळणावर एक कोनाडा होता, त्यात राउटर ठेवला. आणि कोनाड्यावर अक्रोडाच्या लाकडाच्या, दुकानातल्या सगळ्यात देखण्या चौकटीतला भलामोठा आरसा टांगला.

"दिसतोय आता खेकडा?"

"आता मीच दिसतेय," थोरली म्हणाली. "त्यापेक्षा खेकडा बरा होता."

जोडणी आरसा टांगायच्या आधीच झाली होती. तेव्हा फ्रेमवाल्यांनी दोन्ही डब्या बंद केल्या. केबलचं एक टोक मोडेममध्ये, दुसरं राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात. मग फक्त मोडेम चालू केला आणि हाताची घडी घालून त्याच्यासमोर उभे राहिले.

"अहो, दोन्ही एकदम लावा ना!" धाकटीला कुठला दम.

"नाही. आधी थोरल्याला नीट जागं होऊ दे. मग धाकट्याला उठवायचं."

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. "आमच्याकडेही तसंच होतं. धाकटीला तर तोंडावर पाणी मारून उठवावं लागायचं."

मोडेमचे दिवे लुकलुकायचे थांबले, तसा राउटर चालू केला. मग फोनवरून मोडेमचं स्वतःचं वाय-फाय बंद करून टाकलं. त्याने नेट आणून द्यायचं, बस. वाटायलाही दोघं बसले तर फोन बिचारा कुणाला धरू न् कुणाला सोडू करत मध्येच लटकतो.

सगळं झकास झालं. आणि शनिवारी दुपारी, आरसा लागल्यानंतरच्या पहिल्याच तासाला, थोरलीची शिष्या पुन्हा तोंड वासून गोठली.

थोरली जिन्याच्या वळणापर्यंत आली. फ्रेमवाले खालीच उभे होते.

"भावोजी, तुम्ही काही कमी केलं नाहीत. पण उद्या मी त्या खोलीवाल्या बाईंना हो कळवते."

त्यांनी नुसती मान हलवली. थोरलीला वाटलं, यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं. ती खोलीत परतली आणि पुढच्या शिष्येचा फोन लावला. तीही गोठली. थोरली कपाळाला हात लावून बसली.

एवढ्यात शिष्येचा आवाज खणखणीत आला. "बाई, ऐकू येतंय?" मग गप्प. मग पुन्हा खणखणीत. मग पुन्हा गप्प. हे काय भूत शिरलंय, म्हणून थोरली बाहेर डोकावली.

फ्रेमवाले जिन्यात आरसा काढत होते, लावत होते, काढत होते. चेहरा असा, की जणू स्वतःलाच चोरी करताना पकडलंय.

"जरासा तिरका वाटला म्हणून काढला, तर तुमचा फोन बोलायला लागला," ते म्हणाले. "आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो. लहरी त्यातून वर येतच नव्हत्या. जन्म गेला आरसे बसवण्यात, आणि मला सुचू नये!"

"आणि खेकडा लपवा म्हणून तुमच्या मानेवर कोण बसलं होतं?" थोरली म्हणाली. "आता लावू नका तो! तसाच धरा. तास चाललाय माझा!"

वळणावर आरसा टेकवायला जागा नव्हती. भावोजी तो कडेवर घेतलेल्या पोरासारखा धरून तास संपेपर्यंत उभे राहिले. धाकटी कामावरून आली, जिना चढता चढता समोर नवऱ्याऐवजी स्वतःचं तोंड दिसलं. तिने केस सारखे केले आणि विचारलं, "हे कुणी उभं केलंय तुम्हाला?"

"श्शू," आरसा म्हणाला. "ताईंची शिष्या वरच्या सुरात आहे."

रविवारी थोरलीने त्या बाईंना 'नाही' असं कळवलं. खोलीला ऊन कमी येतं, असं काहीतरी कारण दिलं. आरसा धाकटीने आपल्या खोलीत पळवला. फ्रेमवाल्यांनी कोनाड्याभोवती नुसती चौकट ठोकली, ना काच, ना मागे पुठ्ठा. खेकडा आता चित्रासारखा दिमाखात बसलाय. शिष्येच्या आईने "हे कुणाचं काम?" म्हणून कौतुकाने विचारलं, तेव्हा थोरली "आमच्या भावोजींचं" म्हणाली आणि चक्क गोड हसली.

पण एवढ्यावर गप्प बसेल तर ती थोरली कसली. शिकवायला मोठा पडदा हवा म्हणून तिने टॅब घेतला होता.

"भावोजी, पासवर्ड?"

"लाकूडकाचपुठ्ठाखिळादोरी. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडायची नाही."

"हा पासवर्ड आहे की दुकानातलं सामान? बदला. घरात गाणारं माणूस आहे, एखादं गाणं ठेवा."

"तुम्ही खिडकी उघडी ठेवून शिकवता, ताई. तुमची सगळी गाणी गल्लीला पाठ आहेत. अख्खी गल्ली आपल्या नेटवर बसेल."

"मग लहान तरी करा. एवढं टाकून माझी बोटं मोडतील."

"एकदाच टाकायचा. टॅब पुढे लक्षात ठेवतो."

"दर वेळी आहेच तुमचं काहीतरी. आणि पुन्हा लागला तर?"

"या घरात लागायचा नाही. दुसरं घर घेतलंत, तर मात्र तिथला नवा पाठ करावा लागेल." त्यांनी शांतपणे खिळा उचलला. "जाताय का कुठे?"

थोरलीने उत्तराला तोंड उघडलं. धाकटी दारात टॉवेल तोंडात कोंबून हसत होती. थोरलीने तिच्याकडे डोळे वटारले आणि टॅब मांडीवर ओढला.

"खिळ्यानंतर काय म्हणालात?"

"दोरी," भावोजी म्हणाले.